हुरड्याला कुत्रं न्यायचंय? मग शेतमालकाला आधी हे विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्वारी हुरड्यावर आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'एक दिवस शेतावर' अशा याद्या सुरू होतात. अलीकडे त्यांत शेताच्या नावापुढे 'पेट फ्रेंडली' हे दोन शब्द हमखास दिसतात. संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेडच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या कुत्र्याला चार तास माळावर हुंदडायला मिळत असेल तर चांगलंच आहे. पण बहुतेक ठिकाणी या शब्दांचा अर्थ फाटकावर कोणी हटकत नाही, एवढाच असतो. आत शेततळ्याला कुंपण नसतं, आगटीची राख उघडी असते, बांधावर उंदराचं औषध पडलेलं असतं आणि मालकाची राखणीची कुत्री मोकळी असतात. हंगामाच्या तोंडावर, कुत्रा सोबत नेणाऱ्यांनी आणि त्याला येऊ देणाऱ्यांनी काय बघायचं, ते सविस्तर छापलं जावं म्हणून हे पत्र.

आधी कुठे जायचं नाही ते. अभयारण्यात कुत्रा न्यायचा नाही. गौताळा औट्रमघाट, जायकवाडीचा नाथसागर, पाटोद्याजवळचं नायगाव मयूर अभयारण्य, येडशी रामलिंग घाट ही सगळी ठिकाणं यादीतून काढून टाका. कुत्रा साखळीला असला तरी तो दिसताच नाथसागराच्या काठावरचे पाणपक्षी उठतात, आणि हिवाळाभर दिवसातून दहा वेळा उठावं लागलं तर त्यांचं चरणं मोडतं. दुसरं कारण त्याहून गंभीर आहे. आपल्या माळांवर लांडगा, कोल्हा, खोकड अजून आहेत आणि डिस्टेंपर, रेबीज हे रोग कुत्र्याकडून त्यांच्यात जातात. गीरमध्ये २०१८ साली डिस्टेंपरने सिंह दगावले, ते आठवा.

केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांतही कुत्रा चालत नाही. प्राचीन स्मारकांच्या १९५९ च्या नियमांतला आठवा नियम, स्मारकाच्या देखभालीचं कारण सोडलं तर, कोणताही प्राणी आत आणायला मनाई करतो. म्हणजे वेरूळ, अजिंठा, पितळखोरे, देवगिरीचा किल्ला, बीबी का मकबरा सगळं बाद. 'आम्ही लेणी बघून येतो, कुत्रा गाडीत बसेल' हा बेत तर अजिबात करू नका. बाहेर ३० अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत पारा ४० च्या घरात जातो. काच चार बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही.

मग उरतं काय? गावाच्या बाजूचा माळ, पाझर तलावाचा भराव, अभयारण्याबाहेरचे बालाघाटाचे उघडे डोंगर, ओळखीच्याचं शेत आणि कृषी पर्यटन केंद्रं. आमच्या मते शेतच सर्वात चांगलं, कारण तिथे विचारायला आणि जबाबदार धरायला माणूस असतो. म्हैसमाळचं पठारही चांगलं आहे, मात्र खुलताबादपासून वरपर्यंत वानरांच्या टोळ्या असतात. वानर दिसलं की कुत्रा दोरीला हिसका देऊन धावतो, आणि मोठा हुप्प्या अंगावर आला तर लॅब्राडॉरलाही फाडू शकतो. टोळी दिसली की वळून परत यायचं.

पुण्या-मुंबईच्या लेखांत कुत्र्याला बाहेर नेण्याचा हंगाम म्हणून पावसाळा सांगितलेला असतो. आपल्याकडे नेमका तोच टाळायचा. जून ते ऑगस्ट सोयाबीन कोवळं असतं आणि त्यावर गोगलगाय येते. २०२२ साली लातूर, बीड, धाराशिवमध्ये गोगलगायींनी शेतंच्या शेतं खाल्ली, तेव्हापासून मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घराघरात आल्या. काही जण कोंडा, गूळ आणि कीटकनाशक कालवून आमिष करतात आणि बांधाकडेने टाकतात. गोगलगायीला ओढणारा तो गोड वास कुत्र्यालाही ओढतो. मेटाल्डिहाइड पोटात गेलं की अर्ध्या ते तीन तासांत कुत्रा थरथरायला लागतो, अंग तापतं, मग झटके सुरू होतात. याला घरचा उतारा नाही आणि दवाखाना तासाभरावर असेल तर वेळ हातातून जाते. शिवाय काळ्या रानातला चिखल बोटांच्या बेचक्यांत भरतो आणि वाळला की दगडासारखा होतो. कुत्रा लंगडतो, आपण काटा शोधत बसतो. चिखल ओला असतानाच पंजे पाण्यात बुडवून मोकळे करायचे, वाळल्यावर ओढून काढायचे नाहीत. केसांबरोबर कातडीही निघते.

तेव्हा आपला हंगाम दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत. त्यातही दिवसाचे दोन तुकडे करा. सकाळी आठला शेतावर पोचायचं, अकराला सावलीत यायचं, पुन्हा चारला बाहेर पडायचं आणि दिवेलागणीच्या आत गाडीत बसायचं. अंधारात उसाच्या फडाकडे तर जायचंच नाही. बिबट्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य आहे, आणि कन्नड-सोयगावचे डोंगर असोत की पैठणचा ऊसपट्टा, दोन्हीकडे तो आहे.

आता शेततळं. एका दिवसाच्या सहलीत कुत्र्याचा जीव जाण्याचं सर्वात मोठं ठिकाण आमच्या मते हेच आहे, आणि त्याविषयी सर्वात कमी लिहिलं जातं. 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर मराठवाड्यात शेततळी खूप झाली. नेहमीचं मोठं माप ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, चारही बाजूंना उतार आणि त्यावर ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक. पाणी दिसलं की लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर विचार न करता उडी मारतात. पोहता येतं, पण बाहेर येता येत नाही. पाण्याच्या रेघेशी प्लास्टिकवर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो, त्यावर नखं धरत नाहीत. कुत्रा पुढचे पाय काठावर टेकतो, घसरतो, पुन्हा टेकतो, मग काठाकाठाने फेऱ्या मारायला लागतो. पंधरा-वीस मिनिटांत दमतो आणि मागचा भाग खाली जायला लागतो. मग मालक उडी टाकतो. माणसालाही त्या प्लास्टिकवरून चढता येत नाही, म्हणून अशा वेळी दोघंही जातात.

उपाय स्वस्त आहे. बऱ्याच तळ्यांना कोपऱ्यात गाठी मारलेला नायलॉनचा दोर सोडलेला असतो. तो माणसासाठी ठीक आहे, कुत्र्याला दोर धरता येत नाही. कुत्र्यासाठी खरखरीत वाट लागते. शेडनेटची दुहेरी पट्टी किंवा काथ्याची जाळी तीन फूट रुंद घ्या, वरच्या टोकाला लोखंडी खुंटीला बांधा, आणि पाण्याच्या पातळीखाली किमान तीन-चार फूट जाईल एवढी लांब सोडा. खालच्या टोकाला वाळूच्या दोन पिशव्या बांधा म्हणजे पट्टी तरंगणार नाही. पाणी उतरतं तशी पट्टी खाली सोडत जावी लागते. डिसेंबरात बांधलेली पट्टी फेब्रुवारीत पाण्याच्या वर लोंबत असते, म्हणून हे दर पंधरा दिवसांनी बघायचं काम आहे. जुने टायर दोराने एकाखाली एक बांधूनही चालतं. खुंटीचं टोक किंवा तार प्लास्टिकला लागू देऊ नका, नाहीतर तळं गळायचं आणि मालक पुढच्या वर्षी कुत्र्यांना दारातूनच परत पाठवायचा. पट्टी कुठे आहे ते कुत्र्याला ठाऊक नसतं. आल्या आल्या दोरीला धरून एकदा तिथूनच पाण्यात उतरवा आणि तिथूनच बाहेर काढा.

कुत्रा पडलाच तर उडी टाकू नका. पट्टीच्या जागी उभं राहून हाक मारा. ताकद उरली असेल तर तो आवाजाकडे येतो. मग पालथं झोपून, पाय कोणाला तरी धरायला लावून, त्याच्या पाठीवरच्या पट्ट्याला हात घाला. यासाठीच गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस हवा, तोही पाठीवर मूठ असलेला. गळपट्ट्याने ३० किलोचा भिजलेला कुत्रा वर ओढला तर गळा आवळतो, नाहीतर पट्टा डोक्यावरून निसटतो. बाहेर काढल्यावर तो ठणठणीत दिसला तरी पुढचा दिवसभर श्वासाकडे लक्ष ठेवा. फुप्फुसात थोडं पाणी गेलं असेल तर त्रास काही तासांनी सुरू होतो.

विहिरीचंही तेच. कठडा नसलेल्या जुन्या विहिरी वेड्या बाभळीत आणि गवतात लपलेल्या असतात. सश्यामागे सुटलेल्या कुत्र्याला त्या दिसत नाहीत. अनोळखी शेतात पाच मीटरची लांब दोरी वापरा, पण मोकळं सोडू नका. गुंडाळी होणारी साखळी मात्र नको, ती कुसळात आणि तुरीच्या तुराट्यांत अडकते आणि हिसक्याला तुटते.

विषाकडे पुन्हा वळावं लागेल, कारण रब्बीत त्याची जात बदलते. हरभरा, गहू, ज्वारी उभी असताना उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड पिठात किंवा भरड्यात कालवून बिळाशी ठेवतात. पोटातल्या आम्लाशी ते मिसळलं की फॉस्फीन वायू होतो, आणि तोच मारतो. इथे एक चूक सर्रास होते. कुत्र्याने काहीतरी खाल्लं असं कळताच लोक दूध पाजतात, भाकरी चारतात. अन्न गेलं की पोटात आम्ल वाढतं आणि वायूही वाढतो. काही चारू नका, मिठाचं पाणी पाजून ओकवायचा प्रयत्न करू नका, सरळ दवाखाना गाठा. वाटेत तो गाडीत ओकला तर आधी चारही काचा खाली करा. तो वायू माणसालाही घातक आहे. सडक्या मासळीसारखा किंवा लसणासारखा वास आला तर डॉक्टरांना सांगा, निदानाला उपयोग होतो.

बाजारात मिळणाऱ्या निळ्या-हिरव्या वड्या वेगळ्या. त्या रक्त गोठू देत नाहीत. कुत्रा तीन-चार दिवस बरा दिसतो, मग हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं किंवा एकाएकी धाप लागते. 'खाल्लं होतं पण काही झालं नाही' असं म्हणून थांबू नका. त्याच दिवशी नेलं तर व्हिटॅमिन के-१ ने काम भागतं. कोणत्याही विषात डब्याचा किंवा पाकिटाचा फोटो काढून न्या. औषधाचं नाव कळलं तर अर्धा तास वाचतो.

फवारणीचंही विचारून घ्या. तुरीवर, हरभऱ्यावर घाटेअळीसाठी फवारा मारलेला असतो. कुत्रा पिकातून पळतो, अंगाला औषध लागतं आणि नंतर तो स्वतःला चाटतो. तोंडाला फेस, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि अंगावर स्नायू उडणं ही लक्षणं दिसली तर हातमोजे घालून साबणाने अंग धुवा आणि निघा. अ‍ॅट्रोपीनचं इंजेक्शन लागतं, ते पशुवैद्यकच देणार.

रानडुक्कर आणि रोह्यांसाठी लावलेल्या तारांबाबत दोन प्रकार ओळखा. सौर झटका मशीनचा धक्का क्षणिक असतो, जीव जात नाही, पण कुत्रा बावरून दिसेल त्या दिशेला पळत सुटतो आणि तासन् तास सापडत नाही. म्हणून गळपट्ट्यावर मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला असलाच पाहिजे. वीजवाहिनीवरून थेट प्रवाह सोडलेली तार मात्र जागीच मारते. ती बेकायदा आहे, तरी आहे. मशीन दिवसा बंद असतं का आणि तार कोणत्या बांधावर आहे, ही माहिती फोनवरच घ्यायची.

हुरड्याच्या जागेवरचे धोके त्यामानाने छोटे आहेत. गोवऱ्यांची आगटी विझल्यासारखी दिसते, पण राखेखाली इंगळ तीन-चार तास धगधगत असतो. कुत्रा वासाने तिथेच येतो आणि पंजा भाजून घेतो. आगटीभोवती विटांचा गुडघाभर कट्टा असावा, नसेल तर कुत्रा दहा फूट लांब बांधा. भाजलंच तर दहा ते वीस मिनिटं गार पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, तूप काही लावू नका.

खाण्यात मूठभर साधा हुरडा चालतो. जास्त झाला की पोट फुगतं. चटणीचा मात्र कणही नको. लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्याच्या लाल पेशी फोडतात. कांद्याचं प्रमाण वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम. म्हणजे पाच किलोच्या पॉमेरियनला एक मध्यम कांदा पुरतो. लसूण त्याहून तेज. परिणाम लगेच दिसत नाही, तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी कॉफीसारखी होते. द्राक्षं, मनुके पूर्ण वर्ज्य. मक्याचं चघळलेलं बुरकुंड आणि शिजवलेली हाडं उष्ट्याच्या टोपलीत टाकून टोपली झाका. बुरकुंड आतड्यात अडकलं की शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो. कंदुरीच्या जेवणात बोकड कापल्यावर फुप्फुसं, काळजाचे तुकडे कुत्र्यांपुढे टाकायची पद्धत आहे. त्या कच्च्या मांसातून कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी होतो, त्याची अंडी विष्ठेतून भाजीपाल्यावर येतात आणि माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात. याच कारणाने सहलीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्या आणि शेतात कुत्र्याने शी केली तर ती उचला. 'शेतच आहे, खत होईल' हे मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्याला लागू पडत नाही.

कुसळाविषयी इथल्या माणसाला काय सांगायचं, पण शहरातल्या कुत्र्याची कातडी त्याला सरावलेली नसते. दिवाळीनंतर डोंगरावरचं कुसळी गवत वाळतं आणि त्याचं टोकदार बी केसांत शिरून पुढेच सरकतं. त्यावरचे उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. बोटांच्या बेचक्या, कानाच्या आत, काखेत, डोळ्याच्या कोपऱ्यात, शेपटीखाली असं क्रमाने बघा. जायच्या आदल्या दिवशी पंजांमधले आणि कानाखालचे केस कापले तर निम्मं काम वाचतं. परतल्यावर कुत्रा डोकं एका बाजूला कलवून झटकत असेल तर कानात कुसळ गेलं आहे असंच समजा. कापसाची काडी घालू नका, ते आणखी आत जातं आणि पडदा फाडतं. सराटे आणि बाभळीचे काटे चिमट्याने काढा, जखमेवर चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा.

गोचीड त्याच संध्याकाळी शोधायची. चिमटा कातडीला टेकवून सरळ वर ओढायचं. रॉकेल, पेटती काडी, चुना यांनी ती सुटायच्या आधी पोटातलं कुत्र्याच्या रक्तात ओकते. मानेवर टाकायचं थेंबांचं औषध सहलीच्या किमान ४८ तास आधी टाकलेलं असावं. गाईम्हशींचं गोचीडनाशक कुत्र्याला लावू नका, त्याची तीव्रता वेगळी असते आणि त्याने कुत्री दगावतात. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला, खाणं सुटलं, नाकातून रक्त आलं तर शेतावर गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि रक्त तपासा.

वाटेत मेंढरांचा कळप आला तर आपण थांबायचं, दोरी जवळ घ्यायची आणि कळप पूर्ण पुढे जाऊ द्यायचा. धनगराचा कुत्रा त्याचं काम करत असतो, चूक तुमच्या कुत्र्याच्या भुंकण्याची धरली जाते. गाभण मेंढी धावली तर गाभ टाकते, आणि त्याची भरपाई मागितली तर ती रास्तच आहे. गावातली कुत्री अंगावर आली तर पळू नका. खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं तरी बहुतेक मागे हटतात. छोटा कुत्रा मात्र उचलून डोक्याच्या वर धरू नका, ती तुमच्यावरच उड्या मारतात.

एक कडवट गोष्ट. लातूर, उदगीर, नांदेडकडे कारवान आणि पश्मी कुत्र्यांची हौस जुनी आहे आणि अभिमान वाटावा अशीच ही जनावरं आहेत. पण त्यांना सश्यावर सोडून 'पळ बघणं' ही सहल नव्हे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत कुत्र्याकरवी पाठलाग करणंही मोडतं, ससा मेला नाही तरी. त्याचे व्हिडिओ टाकणारे स्वतःविरुद्धच पुरावा तयार करतात. या कुत्र्यांना धावायला द्यायचं असेल तर कुंपण असलेलं, पीक निघालेलं रान बघा आणि पहाटे सोडा. बारीक अंगाचा कारवान थंडीने कुडकुडतो, परभणीचा पारा पेपरात यायला लागला की सकाळी त्याला झूल घाला. कुत्री दाखवायची असतील तर माळेगावच्या यात्रेतलं प्रदर्शन आहेच. तिथे फक्त लसीकरण पूर्ण झालेलं जनावर न्या. एवढ्या गर्दीत पार्व्हो आणि डिस्टेंपर एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जातात.

उन्हाचं म्हणाल तर फेब्रुवारीतही दुपारी गाफील राहू नका. हवा २५ अंश असताना डांबरी रस्ता ५० च्या आसपास असतो. तळहाताची उलटी बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर त्यावर कुत्रा चालवायचा नाही. पाणी दिवसाला वजनाच्या किलोमागे ५० ते ६० मिली हा घरचा हिशेब, धावपळीच्या दिवशी दुप्पट. ३० किलोच्या कुत्र्याला साडेतीन लिटर घरून न्या. तळ्यातलं हिरवा तवंग आलेलं पाणी पाजू नका. पग, बुलडॉग, बॉक्सर यांची नाकं आखूड, त्यांना सावलीतही दम लागतो. त्यांनी सकाळचा एकच फेरा करावा.

लाळ चिकट झाली, हिरड्या विटकरी झाल्या, चाल अडखळली की उष्माघात समजा. आधी थंड करा, मग गाडीत घाला. विहिरीचं पाणी सगळ्या अंगावर ओतत राहा आणि पंख्यासारखं वारं घाला. ओली गोणी पांघरून ठेवणं ही नेहमीची चूक आहे. गोणी दोन मिनिटांत कोमट होते आणि वाफ कोंडते. थर्मामीटर गुदद्वारात लावा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश असतं. ३९.५ वर आलं की पाणी थांबवा. तो उठून बसला तरी दवाखान्यात न्या, कारण मूत्रपिंडाचं नुकसान दुसऱ्या दिवशी कळतं.

साप चावला तर आवळपट्टी नको, चीर नको, चालवायचं नाही, उचलून न्यायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं प्रतिविष कुत्र्यालाही तेच लागतं आणि ते प्रत्येक दवाखान्यात नसतं. निघतानाच फोन करा. पशुसंवर्धनच्या फिरत्या पथकाचा क्रमांक १९६२. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्या बाजूला जाणाऱ्यांनी तिथला रस्ता आधीच बघून ठेवावा.

तुमच्या कुत्र्याने कोणाला चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा, मिरची-चुना लावू देऊ नका, आणि त्या माणसाला त्याच दिवशी स्वतः सरकारी दवाखान्यात घेऊन जा. तिथे कातडीत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात. कुत्र्याचं रेबीज लसीचं कार्ड गाडीत हवं आणि पहिली लस सहलीच्या किमान महिनाभर आधीची हवी. निष्काळजीपणाने जनावर मोकळं सोडणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, हे शेतमालकालाही माहीत असावं.

प्रवासात समृद्धीवर वाटेल तिथे गाडी थांबवता येत नाही, म्हणून चढण्याआधीच कुत्र्याला फिरवून घ्या. निघण्याच्या तीन तास आधीपासून खायला देऊ नका. दार उघडण्याआधी दोरी हातात हवी.

कृषी पर्यटन केंद्रचालकांना एक विनंती आहे. 'पेट फ्रेंडली' हे शब्द खुशाल छापा, पण त्याखाली चार ओळी लिहा: शेततळ्याला कुंपण आणि चढायची पट्टी आहे का, गेल्या दहा दिवसांत कुठे काय फवारलं किंवा टाकलं, झटका मशीन कधी चालू असतं, आपली कुत्री बांधलेली असतात का आणि त्यांना रेबीजची लस दिली आहे का. जवळच्या पशुवैद्यकाचं अंतर किलोमीटरमध्ये लिहा. कुत्र्यामागे शंभर-दोनशे रुपये जास्त घ्या, कोणी खळखळ करणार नाही. शेडनेटची पट्टी, खुंट्या आणि वाळूच्या पिशव्या एवढ्याचा खर्च पहिल्या दोन-तीन रविवारांत निघतो. आणि संपादक महोदय, आपल्या पुरवणीत यादी छापताना या चार ओळी ज्यांनी पाठवल्या नाहीत, त्यांच्या नावापुढचे ते दोन शब्द कृपया गाळावेत.

आपले,
एक पशुवैद्यक व काही श्वानपालक
छत्रपती संभाजीनगर